ऐकणाऱ्या कासवांचा काठ

फार पूर्वी एका तळ्याकाठी कासवं दुःखी प्राण्यांच्या मनातलं ऐकून घ्यायची. पाडस गमावलेली हरिणी ढोल्या नावाच्या कासवाकडे येऊ लागली. "कळपाला तुझं दुःख कळणार नाही. फक्त माझ्याकडे येत जा," ढोल्या तिला सांगे. हरिणीने कळप सोडला. हळूहळू तिचं चरणंही सुटलं.

हे पाहून बाकीच्या कासवांनी ढोल्याला घेरलं.

तो खवळला, "आपल्याच भावाला उघडं पाडता? जंगलात आपली काय अब्रू राहील?"

"ढोलूदादा, आम्ही गप्प बसलो तर तुझी अब्रू राहील, पण हरिणी मरेल," एक तरणं कासव म्हणालं.

कासवांनी सगळ्यांदेखत ढोल्याला काठावरून उठवून लावलं. मग ती सगळी कासवं हरिणीसोबत तिच्या कळपापर्यंत चालत गेली.

दुसऱ्या सकाळी, कधीच कुणाशी न बोलणारं साळिंदर काठावर आलं. "चुकलं तर तुम्ही आपल्यातल्यालाही उठवून लावता म्हणे," ते म्हणालं. "मग मला बोलायचंय."