डाव्या आरशातला शिंजीर

एकदा एक शिष्या सकाळीच गुरूंच्या दारी आली आणि पायरीवरच बसून राहिली. हे वृद्ध गुरू पाखरांचे जाणकार होते. फुलांतला मध पिणाऱ्या इवल्याशा शिंजिरांच्या एकसारख्या दिसणाऱ्या जाती नुसत्या पिसांवरून वेगळ्या ओळखायला त्यांनी तिला शिकवले होते. ती विद्या तिला चांगलीच साधली होती. जरा जास्तच, असे मी म्हणेन.

"गुरुजी, माझ्या हातून एक जीव गेला," ती म्हणाली. "जास्वंदीवर मावा पडला म्हणून मी औषध फवारले. तेव्हापासून आमचा जांभळा शिंजीर दिसलाच नाही. रोज स्कूटरच्या आरशाशी भांडायचा. मीच वैतागून आरशांवर पिशव्या बांधल्या होत्या. आता एक पिवळट मादी तेवढी येते." बोलताना तिचे डोळे भरून आले.

गुरू काठी घेऊन तिच्या घरी आले आणि म्हणाले, "आरशांवरच्या पिशव्या काढ."

"आता कशाला, गुरुजी? भांडणारा तर गेला."

"काढ तर खरी."

दोघेही ओट्यावर बसून राहिले. घटकाभराने ती पिवळट मादी आली. उजव्या आरशाकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. थेट डाव्या आरशावर उतरली आणि काचेवर टकटक चोच मारू लागली. शिष्या उठून उभी राहिली. डाव्याच आरशाशी भांडायची खोड तिच्या जांभळ्या शिंजिराची होती.

"आता गळा पाहा," गुरू हळूच म्हणाले.

पिवळ्या गळ्यावरून पोटाकडे एक काळसर रेघ उतरली होती. पाखरू उन्हात वळले तशी ती निळी चमकली.

"मादीला ही रेघ नसते," गुरू म्हणाले. "विणीचा हंगाम सरला की हा नर जांभळी पिसे टाकतो आणि पुढच्या हंगामापर्यंत असाच साधा राहतो. तू पिवळा रंग पाहिलास आणि पुढे पाहायचेच थांबवलेस. मी तुला पिसे शिकवली, ऋतू शिकवायचे राहून गेले. ती चूक माझी. औषधाचे मात्र ध्यानात ठेव. फुलावर कुणीतरी जेवायला येत असते."

शिष्येने पदराने डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला. मग ती पिशवी घेऊन डाव्या आरशाकडे निघाली.

"राहू दे थोडा वेळ," गुरू हसून म्हणाले. "त्यालाही अजून स्वतःची ओळख पटायची आहे."

'तो आता पूर्वीचा राहिला नाही' असे कुणाविषयी म्हणण्याआधी मी हल्ली जरा थांबतो.