मापाची दोरी

भीमेकाठच्या पागा घोड्यांनी गजबजलेल्या असत, त्या काळची गोष्ट. एका सरदाराच्या पागेत धनगरांकडून विकत घेतलेली मैनी नावाची कुमैत घोडी होती. अंग तांबूस, आयाळ काळी, पण पाठीवर दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांचा एकेक चट्टा.

उंची आणि घेर मोजायला मापाची दोरी आली की बाकीचे घोडे लाथा झाडत. मैनी मात्र कान टवकारून उभी राही, आणि छातीला वेढा देऊन गाठ बसली रे बसली की तिचं पाऊल पुढे पडे.

एकदा दोरी वैतागली. "अगं, थांब की जरा! निघालीस कुठं?"

"कळप कुठवर गेलाय?" मैनीनं विचारलं. "ओझं बांधलंस, मग आज कोकरं का नाही चढवली?"

तेवढ्यात घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार राणोजी चट्ट्यांवर हात फिरवत हळहळला, "रंग नामी, बांधा नामी. एवढा डाग नसता तर!"

"डाग नाही, दादा. चालताना तिथं कोकरांची झोळी घासायची, म्हणून केस पांढरे झाले," मैनी म्हणाली. राणोजीला नुसतं फुरफुरणं ऐकू आलं.

तो वेढा सोडायला गेला, पण गाठ काही केल्या सुटेना. मैनीला कळपामागं अजून थोडं चालता यावं म्हणून दोरीनं ती मुद्दाम आवळून धरली होती. मैनीनं डोळे मिटले आणि ती जागच्या जागी पावलं टाकू लागली.