लिंबाजीने भांग वाटली

एका नदीकाठच्या गावात लिंबाजी नावाचा भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? कुणी त्याला "जरा थांब" म्हटलं, तर तो थांबायचा. "चल" म्हणायला ते विसरले, तर लिंबाजी संध्याकाळपर्यंत तिथेच. सांगितलेलं काम मात्र मनापासून करायचा. खरी अडचण तीच होती.

गावाबाहेर, घाटाच्या वर, गोसाव्यांचा एक मठ होता, आत महादेवाचं देऊळ. तिथले महंत हेमगिरी महाराज आता थकले होते. गुडघे धरायचे, डोळ्यांना कमी दिसायचं. शिवरात्र आठवड्यावर आली आणि हाताखाली माणूस नाही. म्हणून त्यांनी लिंबाजीला ठेवून घेतलं. दोन वेळचं जेवण आणि वर्षाला एक धोतर. लिंबाजी खूश झाला. इतकं चांगलं काम त्याला आजवर मिळालं नव्हतं, आणि हे टिकवायचंच असं त्याने ठरवलं.

पहिल्या दिवशी सकाळी महाराज म्हणाले, "लिंबाजी, मी स्नान करून येतो. तोवर त्या मडक्यातली भांग वाट."

लिंबाजीने मडकं उचललं आणि गावात गेला. घरोघर मूठमूठ सुका पाला वाटला. सुताराकडे माणसं जास्त, म्हणून तिथे दोन मुठी.

"कसली रे भाजी?" सुतारीण म्हणाली.

"महाराजांची," लिंबाजी म्हणाला.

महाराजांची म्हटल्यावर कोण नको म्हणेल. बायकांनी ती डाळीत घातली. दुपारी तेली दुकान उघडं टाकून एकटाच हसत बसला होता. सुतार आपल्या रंध्याची समजूत काढत होता, आणि रंधा ऐकत नव्हता.

महाराज स्नान करून आले. मडकं रिकामं.

"भांग कुठाय?"

"वाटली महाराज. एक घर सोडलं नाही."

महाराज पायरीवर बसले. म्हणाले, "अरे, वाटायची म्हणजे पाट्यावर. वरवंट्याने बारीक वाटायची, फडक्यातून गाळायची, दुधात घालायची आणि प्यायची. कळलं?"

"कळलं," लिंबाजी म्हणाला. "वाटायचं, गाळायचं, दुधात घालायचं."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. रतनपुरी बुवा. पार काशीहून पायी आलेले. झोळीत पुडीभर गांजा आणि एक जुनी चिलीम, त्यांच्या गुरूंची. बुवा हातपाय धुवायला निघाले आणि चिलीम लिंबाजीच्या हातात देऊन म्हणाले, "एवढी तयार करून ठेव बाबा."

लिंबाजीने आदल्या दिवशीचा धडा आठवला. पाटा धुतला. चिलीम ठेवली आणि वरवंट्याने बारीक केली. मातीची, पण चांगली भाजलेली. घाम निघाला. मग फडक्यातून गाळली आणि दुधात घातली.

बुवा आले. त्यांनी लोटा तोंडाला लावला. दोन घोट घेतले. थांबले.

"यात काय आहे?"

"चिलीम," लिंबाजी म्हणाला. "गुठळी राहू दिली नाही."

बुवांनी लोट्याचा तळ बघितला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग झोळीच्या तळातून त्यांनी दुसरी चिलीम काढली, तिच्यात गांजा भरला, वर विस्तव ठेवला आणि म्हणाले, "मूर्खा, ही ओढायची असते. हे बघ, धर आणि ओढ."

लिंबाजीने धरली आणि ओढली. बुवांनी दुसरं टोक सोडलं नाही, कारण आता त्यांच्याकडे ही एकच उरली होती. लिंबाजी अंगाने दांडगा, पोत्याखाली हयात गेलेली. बुवा आसनासकट दारापर्यंत आले.

"तोंडाने," बुवा खालून म्हणाले. "तोंडाने ओढायची. चिलमीत भरायचं, वर विस्तव ठेवायचा, तोंडाने धूर ओढायचा."

"कळलं," लिंबाजी म्हणाला. "भरायचं, पेटवायचं, ओढायचं."

बुवा दुसऱ्याच दिवशी पुढे निघाले. खरं तर आठ दिवस राहणार होते. घाईघाईत चिलीम विसरले आणि महाराजांसाठी माजुमाची एक वडी ठेवून गेले. माजूम म्हणजे भांग, खवा आणि साखर आटवून केलेली मिठाई. महाराजांना ती फार आवडायची.

जेवण झाल्यावर महाराज म्हणाले, "लिंबाजी, ती वडी आण बरं. थोडी घेऊ."

लिंबाजी लगेच आला नाही. स्वयंपाकघरातून जळक्या साखरेचा वास आला. मग धूर आला. मग लिंबाजी आला. वडी त्याने चिलमीत ठासून भरली होती. वर विस्तव ठेवला होता. खालून काळा पाक गळत होता आणि त्याच्या मागोमाग मुंग्यांची रांग येत होती.

"ओढा महाराज," तो म्हणाला. "मी ओढून बघितली, येत नाही. तुमचा दम मोठा."

महाराजांनी चिलीम काढून घेतली. मग हळू आवाजात म्हणाले, "ही खायची असते रे. तोंडात घालायची, वर पाणी प्यायचं आणि गिळायची."

"कळलं," लिंबाजी म्हणाला. "तोंडात घालायचं, पाणी द्यायचं, गिळायचं."

चौथ्या दिवशी महाराजांचा गुडघा फारच ठणकायला लागला. त्यांनी स्वतः शिवरात्रीसाठी नव्याने आणवलेल्या भांगेचा थोडा पाला कुटला, हळद घातली, एरंडेलात शिजवला आणि वाटी उशाशी ठेवली. "मी जरा पडतो," ते म्हणाले. "घटकाभराने हे गरम करून दे मला."

घटकाभराने लिंबाजीने वाटी गरम केली. महाराज उताणे झोपले होते. घोरत होते. तोंड चांगलं उघडं होतं. इतकी सोय बघून लिंबाजीला बरं वाटलं. त्याने सगळा लेप तोंडात घातला आणि वर लोटाभर पाणी दिलं.

महाराजांनी गिळलं. दुसरं काही करायला वावच नव्हता.

एरंडेलाने त्यांना दुपारभर नदीकडे पळवलं आणि भांगेने वाट लांब केली. घाटाच्या पायऱ्या अठरा. महाराजांनी त्या एकशे ऐंशी मोजल्या. मध्येच ते नंदीपाशी थांबले आणि त्याला म्हणाले, "तू तरी ऐक माझं." गुडघा मात्र त्यांना आठवलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज भानावर आले. लिंबाजीला समोर बसवलं.

"शिवरात्र परवावर आलीय, म्हणून तुला ठेवतो," ते म्हणाले. "ती झाली की तू आपला घरी जा. तोवर एवढं ध्यानात ठेव. आधी विचारायचं, कुठं दुखतं? मग तिथे कोमट लेप लावायचा. वर पट्टी घट्ट बांधायची."

इतकं मनापासून करूनही काम हातचं चाललं होतं. "कळलं," तो म्हणाला. "विचारायचं, लावायचं, बांधायचं." हे शेवटचं काम तरी चुकायचं नाही, असं त्याने ठरवलं.

शिवरात्र उजाडली. त्या दिवशी महाराजांना एक मोठं काम उरकायचं होतं. गावात रंगराव आणि दगडू असे दोन सख्खे भाऊ होते. बांधावरच्या चिंचेवरून सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांनी देवासमोर एका लोट्यातून भांग प्यावी आणि भांडण मिटवावं, असं महाराजांनी घडवून आणलं होतं. भांग त्यांनी स्वतः वाटली. दूध, बदाम, खसखस, बडीशेप, सगळं स्वतःच्या हाताने. पातेलं लिंबाजीपुढे ठेवून म्हणाले, "मी पूजा आटपतो. भाऊ आले की त्यांना दे. दुसरं काही करू नकोस."

भाऊ आले. एक या खांबाला टेकला, दुसरा त्या खांबाला, पाठीला पाठ करून.

लिंबाजी रंगरावापाशी गेला. "कुठं दुखतं?"

"मला काय धाड भरलीय," रंगराव म्हणाला. "माझं दुखणं ते तिथं बसलंय." आणि त्याने दगडूकडे बोट केलं.

लिंबाजी दगडूपाशी गेला. "कुठं दुखतं?"

"माझंही दुखणं तिथंच," दगडू म्हणाला आणि त्याने रंगरावाकडे बोट केलं.

लिंबाजी विचारात पडला. रोग अवघड होता. याचं दुखणं त्याच्या जागी, त्याचं याच्या जागी. पण धडा सोपा होता. त्याने पातेलं धुनीवर ठेवलं. भांग पातळ वाटली, म्हणून नैवेद्याची कणीक त्यात कालवली. कोमट झाल्यावर गेला आणि दगडूच्या डोक्यापासून लावायला सुरुवात केली.

ते बघून रंगराव मांडीवर थाप मारून हसायला लागला. सात वर्षांत इतकं सुख त्याला मिळालं नव्हतं. मग लिंबाजी त्याच्याकडे वळला. रंगराव पळणार, तेवढ्यात दगडूनेच त्याला मागून मिठी मारली.

"लाव," दगडू म्हणाला. "कान सोडू नकोस."

दोघं असे एकमेकांना धरून आहेत तोवर लिंबाजीने महाराजांची नवी भगवी छाटी आणली आणि दोघांभोवती मिळून घट्ट गुंडाळली. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत.

ओठांवर आलेली भांग चाटण्यावाचून भावांना इलाज नव्हता. काही वेळाने ती चढली.

"दादा," दगडू म्हणाला, "तुझ्या मिशीला बदाम चिकटलाय."

"काढ की मग."

"हात बांधलेत."

"माझेपण," रंगराव म्हणाला, आणि दोघांनाही हसू आवरेना.

महाराज गाभाऱ्यातून बाहेर आले आणि उंबऱ्यातच थांबले. सगळा गाव अंगणात जमला होता. दोन भाऊ एका छाटीत, कणकेने माखलेले, गालाला गाल लावून हसत होते. महाराजांना गहिवरून आलं. त्यांनी लिंबाजीच्या पाठीवर हात ठेवला.

"लिंबाजी, तुला कुठं पाठवायचं नाही आता," ते म्हणाले. "इथंच राहा. फक्त त्या छाटीला देवाची भांग लागलीय, कुणाच्या पायाखाली यायला नको. ती नदीत सोडून ये."

एवढं बोलून ते अभिषेकाला वळले.

लिंबाजीचा ऊर भरून आला. त्याने छाटी उचलली, जशी होती तशी, खांद्यावर टाकली, अठरा पायऱ्या उतरला आणि नदीत सोडली.

पाणी कमरेएवढंच होतं. काठावरचे लोक धावेपर्यंत दोन डोकी वर आली. सात वर्षांत पहिल्यांदा दोघं भाऊ एका सुरात बोलत होते, आणि जे बोलत होते ते देवळात सांगण्यासारखं नव्हतं.

लिंबाजीने काठावरूनच मठाकडे तोंड करून हाक दिली.

"सोडली महाराज. पण ती जात नाही, आणि शिव्या देतेय."