धुरपाकाकीच्या मधमाश्या

फार वर्षांपूर्वी, गेळेवाडीला गाडीवाट नव्हती आणि डोंगर उतरून येणारं माणूस अख्ख्या गावाला लांबूनच दिसायचं, तेव्हाची ही गोष्ट. साल मात्र विचारू नका. साल गावात कुणालाच ठाऊक नाही, धुरपाकाकी सगळ्यांना ठाऊक आहे.

धुरपाकाकी एकटी राहायची. एकटी आपलं म्हणायचं, कारण घराच्या भिंतीत तिनं मधमाश्यांची मडकी बसवली होती. मडक्याचं तोंड बाहेर, बूड घरात. माश्या बाहेरून ये-जा करायच्या आणि काकी आतून बुडाचं झाकण सारून मध काढायची. तिला कधी डंख झाला नाही. ती माश्यांना घरातलं सुखदुःख सांगायची आणि पाऊस कधी येणार ते माश्या तिला सांगायच्या, असं म्हणतात. गावात बाळ जन्मलं की त्याच्या जिभेला लावायचा मध तिच्याच घरून यायचा.

पण तिच्या हातून एक चूक झाली होती. सकाळचं ऊन लागलं की माश्या लवकर कामाला लागतात, म्हणून तिनं मडक्यांची तोंडं पूर्वेला केली होती. आणि पूर्वेला होता गावाचा बोळ, तोही असा अरुंद की माणसानं भिंतीला अंग घासतच जावं. माश्यांना काय हवं ते काकीला नेमकं कळायचं, माणसांचं तिच्या ध्यानात आलं नाही. मध खाणाऱ्या गावालाही त्यात काही वावगं दिसलं नाही, हेही खरं सांगायला हवं.

शेजारी बहिरू आणि त्याची बायको मंजुळा राहत. मंजुळेनं माहेराहून काकडीचं बी आणलं होतं. ती दरवर्षी ते परसात लावायची आणि पुढच्या वर्षासाठी राखेत घालून जपायची. त्या श्रावणात एक सर येऊन गेली, लगेच ऊन पडलं आणि माश्या बाहेर पडल्या. तेवढ्यात मंजुळा डोक्यावर काळी घोंगडी घेऊन बोळातून आली. घोंगडीची कड मडक्याच्या तोंडाला घासली. काळ्या लोकरीत माश्या अडकल्या आणि बाकीच्या खवळल्या. घोंगडी फेकून पळायचं तिला सुचलं नाही, तिनं ती आणखी घट्ट ओढून घेतली. दिवस मावळायच्या आत मंजुळा गेली. मागे बहिरू राहिला आणि पाळण्यातली मुलगी.

गावकी बसली. सकाळी मडक्यांना आग लावायची, असं ठरायला आलं. कुणीतरी हळूच म्हणालं की मुक्या जिवांचा काय दोष. तेव्हा धुरपाकाकी उठून उभी राहिली.

"त्यांचा दोष न्हाईच," ती म्हणाली. "त्यांचं तोंड वाटंकडं म्या केलं. ज्याचं घर मोडलं, तो म्हनंल ते मला कबूल हाय."

बहिरूनं मान वर केली नाही. "मला ह्या माश्या गावात दिसाय नकोत," एवढंच तो बोलला.

सकाळी गाव गवताच्या पेंढ्या घेऊन आलं, तर काकी दारात उभी होती. तिनं मडकी उघडली होती आणि सगळ्या माश्या तिच्या अंगावर बसल्या होत्या. केसांपासून पावलांपर्यंत लुगड्याचा रंग दिसत नव्हता. ती तशीच चालत निघाली. बहिरूच्या दारासमोर थांबून तिनं हात जोडले, आणि तेवढा वेळ माश्यांचा आवाज बंद झाला, असं म्हणतात. मग ती डोंगर चढून कड्याखालच्या कपारीत जाऊन राहिली.

त्यानंतर गेळेवाडीत मधमाशी उतरली नाही. शेतं कारळ्याच्या फुलांनी पिवळी झाली, पण दाणा पोचट निघाला. भोपळ्याचे वेल फुलले आणि फुलं गळून पडली. गाव हात जोडत कपारीशी गेलं. काकी म्हणाली, बहिरूनं बोलावलं तर येईन, गावाच्या सांगण्यावरून येणार नाही. मग गाव बहिरूच्या मागं लागलं. तो नाही म्हणाला, तेव्हा लोक त्याला टाकून बोलू लागले. ते काकीच्या कानावर गेलं आणि तिनं वरून निरोप धाडला, त्याला कुणी छळाल तर मी आणखी लांब निघून जाईन.

बहिरू मंजुळेचं बी दरवर्षी लावत होता. वेल चढायचा, फुलायचा, पण एक काकडी धरायची नाही. शेवटी राखेत चिमूटभर बी उरलं. ते मुठीत घेऊन, दुसऱ्या हाताला आता चांगली चालू-बोलू लागलेली मुलगी धरून, तो डोंगर चढला.

"काकी," तो म्हणाला, "हे संपलं की तिच्या हातचं काय बी उरत न्हाई. माजा राग गेला न्हाई. पन तू चल."

धुरपाकाकी पदर तोंडाला लावून रडली. मग म्हणाली, "मडकी कुठं आन कशी ठेवायची, ते तू सांगायचं."

बहिरूनं सांगितलं आणि गावानं ते ऐकलं. मडक्याचं तोंड वाटेकडे करायचं नाही. पुढं डोक्याच्या वर जाईल असं दाट कुंपण लावायचं, म्हणजे माश्या उंचावरून जातील. पाण्याची कुंडी जवळ भरून ठेवायची, म्हणजे त्या कुणाच्या हंड्यावर येणार नाहीत. मध काढण्याआधी आळीत हाक द्यायची. आणि माश्या ठेवू का, हे दरवर्षी शेजाऱ्याला विचारायचं.

त्या वर्षी मंजुळेच्या वेलाला इतक्या काकड्या लागल्या की मांडव वाकला, आणि घरोघरी तिचं बी गेलं.

काकी दरवर्षी बहिरूला विचारत राहिली. तो हो म्हणायचा. एका वर्षी मात्र तो नाही म्हणाला. का, ते कुणालाच माहीत नाही, कारण काकीनं विचारलंच नाही. पार म्हातारी झाली होती, तरी त्याच दिवशी माश्या अंगावर घेऊन ती डोंगर चढून गेली. त्या वर्षीचा पहिला मध वरून आला, तो बहिरूच्या घरी. बहिरू वाटी हातात धरून कितीतरी वेळ दारात उभा होता, असं म्हणतात.

आजही गेळेवाडीत ज्याला मधमाश्या पाळायच्या असतात, तो शेजाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून धुरपाकाकीच्या नावानं विचारतो. उत्तर मिळेपर्यंत बसत नाही. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नसतं, राग धरायचा नसतो, मडकी मुकाट्यानं डोंगरावर न्यायची असतात. आणि मध निघाला की पहिली वाटी त्याच शेजाऱ्याच्या घरी जाते, मग तो हो म्हणालेला असो की नाही.