देणारी भोकं, घेणारी भोकं

घाटाखालच्या एका गावात भार्गव नावाचे पेटीमास्तर राहायचे. एकटेच. त्यांचा एक मोठेपणा होता, आणि तोच त्यांना नडला. ते सगळ्यांना द्यायचे, पण कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. गावातल्या निम्म्या मुलांना त्यांनी फुकट पेटी शिकवली. देवळातली पेटी बिघडली की स्वतः जाऊन नीट करून यायचे. कुणी प्रेमानं पेरू आणून ठेवले, तर संध्याकाळच्या आत ते ज्याचे त्याला पोचते करायचे. वर म्हणायचे, “मी कुणाचा मिंधा नाही.”

आता अशा माणसाकडे कोण किती वेळा जाणार? ज्याच्या उपयोगी आपल्याला कधी पडताच येत नाही, त्याच्या घरी जायला संकोच वाटतो. हळूहळू लोक यायचे थांबले. मास्तरांनी मात्र लोकांनाच कृतघ्न ठरवलं आणि दार लावून पेटी वाजवत बसले.

पुढे त्यांची बोटं आखडली. साधं सारेगमही धड वाजेना. घर इतकं गप्प झालं, की मास्तरांना भिंतीवरच्या घड्याळाचा राग येऊ लागला.

त्याच सुमारास शहरातला एक स्टुडिओ बंद पडला. तिथे एक मोड्युलर सिंथेसायझर पडून होता. कपाटाएवढी विजेची पेटी, पण तिला पट्ट्या नाहीत, नुसत्या खुंट्या आणि भोकं. एका भोकातून दुसऱ्या भोकात वायर जोडायची, खुंट्या फिरवायच्या, की यंत्र आपणच सूर काढणार. बोटं पळवायला नकोत. मास्तर तो बघायला गेले. माहितीची वही हरवली होती, म्हणून मालक म्हणाला, “असाच घेऊन जा, मास्तर.” असाच घेतील ते मास्तर कसले? आपली एकुलती एक पेटी मालकाला देऊन त्यांनी यंत्र घरी आणलं. आता हे वाजलं, तरच त्यांच्या हातून पुन्हा सूर निघणार होता.

ते वाजेना. मास्तरांनी पंधरा दिवस वायरी काढल्या, जोडल्या, खुंट्या पिळल्या. दिवे लुकलुकत, पण यंत्र ब्र काढीना. शेवटी मास्तरांनी हात टेकले.

शेजारी प्रमिलाबाई राहायच्या. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून, याची वायर त्याला जोडण्यात गेली होती. बारा वर्षांचा शेजार, पण मास्तरांनी त्यांच्याकडून कधी चमचाभर विरजणही घेतलं नव्हतं. एका दुपारी ते बाईंकडे गेले. मागायची जिभेला सवयच नव्हती.

“बाई, जरा मदत हवी होती,” ते कसंबसं म्हणाले.

बाईंनी चष्मा घेतला आणि निघाल्या. यंत्रासमोर बसून त्यांनी एकेका वायरचा बोटानं माग काढला.

“हे भोक काय करतं, मास्तर?”

“सूर देतं.”

“आणि ही वायर ज्यात गेलीये ते?”

“ते लय देतं.”

“मग घेतं कोण?”

मास्तर वाकून पाहू लागले. भोकांखाली बारीक अक्षरांत कुठे ‘आउट’ तर कुठे ‘इन’ लिहिलेलं होतं. ज्यांतून काही बाहेर पडतं तीच भोकं कामाची, असं मास्तरांनी धरलं होतं. सगळ्या वायरी त्यांनी ‘आउट’मधून ‘आउट’मध्येच घातल्या होत्या.

“फोनवर एकाच्या तोंडाशी दुसऱ्याचा कान यावा लागतो,” बाई म्हणाल्या. “तुम्ही नुसती तोंडं जोडलीत.”

त्यांनी वायरी बदलल्या. तरी आवाज नाही. तेव्हा मास्तरांचंच लक्ष गेलं. प्रत्येक ‘इन’शेजारी एक छोटी खुंटी होती. आलेल्यातलं किती आत घ्यायचं, ते ती खुंटी ठरवायची. मास्तरांनी पहिल्याच दिवशी त्या सगळ्या शून्यावर आणून ठेवल्या होत्या.

आखडलेल्या बोटांनी त्यांनी एक खुंटी हळूहळू फिरवली. घरात सूर आला. दुसरी फिरवली, तसा मिटल्या ओठांतला तो सूर तोंड उघडल्यासारखा मोकळा झाला. मास्तरांचे डोळे भरून आले.

“बाई, रोज येत जा. मला शिकवा.”

“आले असते हो. पण रविवारी मी मुलीकडे बडोद्याला चाललेय, कायमची. सगळ्या गल्लीला सांगितलं. तुम्हालाच काय ते सांगायचं राहिलं.”

चार दिवस उरले होते. चारही दिवस बाई आल्या. एका वेळी एकच खुंटी फिरवायची आणि काय बदललं ते ऐकायचं, असं दोघं शिकत गेले. बाईंनी आणलेली आमटी मास्तरांनी खाल्ली, आणि आणखी वाढा म्हणाले.

रविवारी बाई गेल्या. सोमवारी मास्तरांनी यंत्र लावलं. आयुष्यात काढला नव्हता असा सूर त्यांनी त्या दिवशी काढला, आणि ‘वा’ म्हणायला जवळ कुणी नव्हतं. बारा वर्षं भिंतीपलीकडे एक माणूस ऐकायला होतं, हे मनात येऊन ते यंत्रासमोर बसून रडले.

मग तोंड धुऊन ते समोरच्या घरी गेले आणि म्हणाले, “थोडा वेळ माझं वाजवणं ऐकायला याल का?”

“आज नाही जमणार, मास्तर,” समोरचे गृहस्थ अवघडून म्हणाले. “उद्या बघू.”

“बरं,” मास्तर म्हणाले. “उद्या पुन्हा विचारायला येतो.”

तात्पर्य: दुसऱ्याला द्यावं, तसं त्याच्याकडून घ्यावंही. घेणाऱ्याशीच माणसं जोडली जातात, आणि हे शिकायला फार उशीर करू नये.