अकरा चतकोर

“आणि खालच्या मठाची गादी मला कधी देणार?” विश्वंभरने विचारले.

मैराळबाबा चुलीपाशी बसले होते. म्हणाले, “आज माधुकरीत काय आलं?”

विश्वंभर याच प्रश्नाची वाट पाहत होता. हिशेबात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे. पाऊणकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेही तोंडपाठ, तेही उलटे. आज अकरा घरांनी एकेक चतकोर भाकरी वाढली होती. त्याने ते तुकडे जुळवून पानावर मांडले होते. दोन भाकऱ्या अख्ख्या, तिसरीचा एक चतकोर कमी.

“अकरा चतुर्थांश,” तो म्हणाला. “पण वर अकरा, खाली चार, असलं गबाळं उत्तर मी ठेवत नाही. अकराला चारनं भागलं. दोन पूर्णांक तीन चतुर्थांश. पावणेतीन भाकऱ्या.”

“वा,” बाबा म्हणाले. “आणि दारात कोण आलं होतं?”

“नऊ वाटसरू.”

“मग?”

मठाचा नेम एकच. दारी आलेल्याला निदान चतकोर तरी मिळालाच पाहिजे. विश्वंभरने मात्र त्या लोकांना सांगितले होते की धड तीन भाकऱ्याही नाहीत, नऊ जणांना कुठून पुरणार, तुम्ही आपले पुढचे गाव गाठा. त्यांत एक लेकुरवाळी बाई होती. हे सगळे त्याने बाबांना ताठ मानेने ऐकवले.

बाबा चुलीपासून उठून पानापाशी आले.

मग त्यांनी पानावरची पहिली भाकरी विस्कटली. चार तुकडे झोळीत टाकले. दुसरी विस्कटली. आठ झाले. तिसरीतला एक उचलला. नऊ.

पानावर दोन तुकडे उरले. एक गुरूचा, एक चेल्याचा.

विश्वंभरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मनातून तो पुरता शरमला होता. पण अभिमान कसला गप्प बसतोय!

“पण बाबा... उत्तर तर बरोबर होतं ना?”

बाबांनी झोळी त्याच्या खांद्याला अडकवली.

“बरोबर होतं. त्या बरोबर उत्तरावरच नऊ माणसं उपाशी गेली. पळ, ओढा ओलांडायच्या आत गाठ त्यांना.”