भिवरा आणि रुसलेला डोंगर

एक होता राजा. पण गोष्ट त्याची नाही बरं का. गोष्ट आहे त्याच्या गावातल्या भिवराची.

भिवराच्या आईचा तेलाचा घाणा होता. जवसाचं तेल काढायचं आणि बाजारात विकायचं. भिवरा त्यातलंच वाटीभर तेल मागून घ्यायची. त्यात गेरू कालवायची, हळद कालवायची, नीळ कालवायची. मग चौकटीवर ताणलेलं मांजरपाटाचं कापड काखेत मारायची आणि निघायची रानात. आई म्हणायची, "अगं, घरात बसून काढ की चित्र." तर ही म्हणायची, "घरात डोंगर मावतो का?"

तिचे रंग कसे होते म्हणता? बोट लावून बघावेसे वाटायचे. पण रेघ मात्र वाकडी. गाय काढली की म्हैस वाटायची. झाड काढलं की केरसुणी. लोक हसायचे. ती म्हणायची, "हसा." आणि पुन्हा काढायला बसायची.

एकदा काय झालं, तिनं गावामागचा डोंगर काढला. हा डोंगर मोठा मानी. त्याच्या झऱ्यावर सगळं गाव पाणी प्यायचं. भिवरानं त्याला काढला पालथ्या परातीसारखा. डोंगरानं वाकून पाहिलं.

"हा मी? ही परात म्हणजे मी?"

आणि रुसला की हो डोंगर! उठला, अंग झाडलं आणि धप् धप् करत चालायला लागला. झराही घेऊन गेला बरोबर.

मग काय! पाणवठा कोरडा पडला. गुरं हंबरायला लागली. बायका रिकाम्या घागरी घेऊन राजाच्या दारात जाऊन बसल्या. राजानं भिवराला बोलावलं. म्हणाला, "आजपासून तू कोळशाचा तुकडासुद्धा हातात धरायचा नाहीस."

भिवरा पुढं आली. म्हणाली, "धरणार, महाराज."

"काय म्हणालीस?"

"डोंगर माझ्या चित्रामुळं रुसलाय. मीच त्याला परत आणीन. चित्र काढूनच आणीन."

आणि राजा काही बोलायच्या आत ती चौकट नि रंग घेऊन निघालीसुद्धा.

चालली, चालली, चालली. मग दूर एका माळावर डोंगर दिसला. पाठ करून बसला होता. भिवरानं समोर जाऊन बैठक मारली.

"जा इथून," डोंगर म्हणाला.

"नाही जाणार."

तिनं कोळसा घेतला आणि चित्र काढलं. डोंगर हसला. "हा खांदा कुणाचा, पोरी? माझा तर नव्हे." भिवरानं पाहिलं. खरंच होतं. ती डोंगराकडं कमी बघत होती आणि आपल्या हाताकडंच जास्त. तिनं सगळं पुसलं.

मग तिनं एक काडी घेतली. हात लांब केला, एक डोळा मिटला आणि काडीनं डोंगर मापला. खांदा केवढा, कंबर केवढी. पुन्हा काढलं. डोंगर म्हणाला, "खांदा जमला. पण माझी दरी बघ केवढी खोल! तू काढलीस ती तर ताटली." तिनं तेही पुसलं. बोटं काळी, नाक काळं. डोळ्यांत पाणी आलं, पण उठली नाही हं!

मग ती बराच वेळ नुसती बघत बसली. कोळसा खालीच ठेवला. बघता बघता तिच्या ध्यानात आलं की डोंगराला चिकटून आभाळ आहे, आणि आभाळालाही कड आहे. तिनं डोंगर काढलाच नाही. त्याच्या शेजारचं आभाळ काढलं. दरी काढली नाही, दरीतला अंधार भरला. आणि काय सांगू, मांजरपाटावर डोंगर आपोआप उभा राहिला! खांदा आला, दरी आली, खांद्यावरून डोकावणारं पाठीवरचं भलंमोठं कुबडही आलं. मग तिनं तेलातले रंग चढवले.

डोंगरानं पाहिलं आणि गुरगुरला. "ते कुबड पुस."

"नाही पुसणार."

"पुस म्हणतो ना!"

"मघाशी म्हणालास, माझ्यासारखा नाही. आता म्हणतोस, माझ्यासारखा नको. डोंगरबाबा, काय ते एक ठरव!"

डोंगरानं वारा सोडला. भिवरा चौकट धरून बसली. डोंगरानं पाऊस पाडला. पाणी चित्रावरून घरंगळून गेलं. "तेलाच्या रंगाला पाणी काय करणार?" ती ओरडली. डोंगरानं मग सगळा माळ हलवला. ती पालथी पडली, उठली आणि पुन्हा चित्रासमोर बसली.

डोंगर दमला. हळूच म्हणाला, "पोरी, कुबडावर ते पांढरं काय काढलंस?"

"झरा आहे तो. तुझ्या कुबडातूनच फुटतो. कुबड पुसलं तर झरा कुठून काढू?"

डोंगराला आपली पाठ कधी दिसलीच नव्हती ना! तो चित्राकडं बघत राहिला. खूप वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बस माझ्या खांद्यावर. घरी जाऊ."

गावात पाणी आलं. बायकांनी घागरी भरल्या, गुरं पोटभर प्याली. राजा धावत आला. म्हणाला, "शाबास, भिवरा! पण आता तरी चित्रं बंद कर. उद्या आणखी कोणी रुसलं तर?"

"रुसलं तर पुन्हा जाईन, महाराज."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वडाचं झाड काढायला बसली. झाड पुन्हा केरसुणीसारखंच झालं. तिनं पुसलं आणि पुन्हा काढायला घेतलं. राजा तिथून गेला, पण तिचा उजेड न अडवता, बाजूनं. गाव सुखात राहिलं, डोंगर सुखात राहिला, भिवरा म्हातारी होईपर्यंत रानात बसून चित्रं काढत राहिली.

झाली गोष्ट. आता कूस बदला, डोळे मिटा. आणि कोण रे तो पांघरुणात खुसखुसतोय? झोप बघू गुपचूप!